मोहर, नंबर आणि घंटा
विद्यापीठाच्या परीक्षा कागदावरून संगणकावर कशा आल्या

इ. स. १८५९ साली मुंबई विद्यापीठाने आपली पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. उमेदवार बसले १३२ आणि पास झाले २२. त्या बावीस जणांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. एवढ्या मुलांच्या उत्तरपत्रिका एका लाकडी कपाटात मावाव्यात. आता त्याच विद्यापीठाचे २०१७ साल पाहा. त्या वर्षीच्या एका उन्हाळी हंगामात तपासायच्या उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख होत्या!

इतका पसारा वाढल्यावर कागदाच्या मदतीला यंत्र येणार हे उघडच होते. ते आलेही. आज कित्येक प्रवेशपरीक्षा संगणकासमोर बसून द्याव्या लागतात. काही विद्यापीठांत प्रश्नपत्रिका तारेवरून येते आणि उत्तरपत्रिका पडद्यावर तपासली जाते. पण यंत्र आले म्हणून परीक्षा आपोआप विश्वासाची होते काय? आजच्या भाषणात या प्रश्नाचा इतिहास आपण पाहणार आहोत.

कोणी म्हणेल, "हा विद्यापीठवाल्यांचा प्रश्न, आम्हा खेड्यातल्या माणसांना त्याचे काय?" तर त्याचे उत्तर असे. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाचा निकाल दोन महिने लांबला, तर त्याला दुसरी वाट सापडते. पण ज्या घरात एका मुलीला तालुक्याच्या गावी खोली घेऊन दिली आहे, तिच्या खानावळीचे पैसे सोयाबीन विकून भरले आहेत, त्या घराला एका गुणपत्रकाची किंमत विचारा. तिचे एक वर्ष म्हणजे त्या घराचे एक वर्ष असते. म्हणून परीक्षेची व्यवस्था नीट आहे की नाही, हे पाहण्याचा सर्वांत मोठा हक्क तिचा आहे.

आपल्याकडची विद्यापीठे निघाली तीच मुळी परीक्षा घेण्यासाठी. १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने त्यांची शिफारस केली, आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास अशी तीन विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना होता लंडन विद्यापीठ. हे विद्यापीठ १८३६ साली परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी निघाले होते. शिकवायचे काम कॉलेजांनी करावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. १८६५ साली तर लंडन विद्यापीठाची परीक्षा थेट मॉरिशस बेटावर घेतली गेली.

या वाटणीने एक मोठा बदल झाला. जुन्या पाठशाळेत गुरुजीच परीक्षा घेत. कोणता शिष्य किती पाण्यात आहे हे त्यांना ठाऊक असे. नव्या पद्धतीत तपासणाऱ्याने मुलाला कधी पाहिलेले नसते आणि मुलाने तपासणाऱ्याला पाहिलेले नसते. दोघांच्या मध्ये असतो फक्त कागद. मग त्या कागदावर भरवसा कसा ठेवायचा? त्यासाठी काही बंदोबस्त करावे लागले.

पहिला बंदोबस्त मोहरेचा. प्रश्नपत्रिकेचे पाकीट लाखेने बंद करायचे आणि ठरल्या वेळी, साक्षीदारांसमक्ष फोडायचे. दुसरा बंदोबस्त नंबराचा. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नाही, नंबर घालायचा. तिसरा घंटेचा. एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, सर्वांना सारखीच. आणि चौथा, ज्याला आपण फारसे मोल देत नाही तो, फेरतपासणीचा. निकाल पटला नाही तर विचारण्याची सोय.

यांतला नंबराचा बंदोबस्त फार जुना आहे बरे का! चीन देशात सरकारी अधिकारी निवडण्यासाठी शेकडो वर्षे लेखी परीक्षा होत असत. त्या १९०५ साली बंद झाल्या. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, सुंग घराण्याच्या राज्यात, तिथे उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद चिकटवून झाकू लागले. पण अक्षर ओळखून वशिला चालतो, असे लक्षात आले. मग त्यांनी काय करावे? सरकारी लेखनिक बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल काढायला सुरुवात केली. परीक्षकाच्या हाती मूळ कागद जायचाच नाही, नक्कल जायची! म्हणजे पाहा, एक हजार वर्षांपूर्वीसुद्धा परीक्षा घेणाऱ्याची खरी चिंता प्रश्न काढण्याची नव्हती. कागद हातोहात फिरताना खोट येऊ नये, ही त्याची चिंता होती.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत रेनॉल्ड जॉन्सन नावाचा हायस्कूलचा एक विज्ञानशिक्षक होता. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते ही गोष्ट त्याने हेरली. असे सांगतात की, लहानपणी तो मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवी, मग वीज भलत्या वाटेने जाई आणि मोटार काही केल्या सुरू होत नसे. त्याच खोडीतून पुढे यंत्र निघाले. मुलाने योग्य उत्तराच्या चौकोनात पेन्सिलीची खूण करायची, यंत्राने त्या खुणेतून जाणारी वीज मोजायची आणि गुण सांगायचे. आयबीएम कंपनीने जॉन्सनला नोकरीवर घेतले, आणि १९३८ च्या सुमारास ते यंत्र बाजारात आले. पुढे आयोवा विद्यापीठातील लिंडक्विस्ट या प्राध्यापकांनी १९५० नंतरच्या दशकात विजेऐवजी प्रकाशाने खुणा वाचणारे यंत्र तयार केले. आज आपली मुले प्रवेशपरीक्षेत जे गोल काळे करतात, त्यांचे मूळ इथे आहे.

या यंत्राने तपासणी झटपट केली, आणि परीक्षकाची लहर त्यातून काढून टाकली. दमलेला परीक्षक शंभराव्या पेपराला जसा कंटाळतो, तसे यंत्र कंटाळत नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागली. यंत्राला खूण वाचता येते, निबंध वाचता येत नाही. म्हणून प्रश्नच असे निघू लागले की ज्यांचे उत्तर एका खुणेत मावेल. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, मळणीयंत्र घेतल्यावर यंत्रात जाईल तेवढेच पीक पेरायचे, असा हा प्रकार. शिक्षकबंधुभगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. परीक्षेचे यंत्र बदलले की वर्गातले शिकवणेही हळूहळू त्याच्या मागे जाते.

यानंतर पुढची पायरी आली. कागदच नको, उमेदवाराला संगणकासमोर बसवा. आपल्या देशात याचा मोठा प्रयोग भारतीय व्यवस्थापन संस्थांनी केला. त्यांची कॅट ही प्रवेशपरीक्षा नोव्हेंबर २००९ मध्ये प्रथमच संगणकावर झाली. पहिल्याच दिवशी अनेक केंद्रांवर संगणक अडून बसले. त्यांत व्हायरस, म्हणजे संगणकाला जडणारी बाधा, शिरल्याचे सांगण्यात आले. ज्यांची परीक्षा बिघडली त्यांच्यासाठी पुढे जानेवारी २०१० मध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. कागदाच्या परीक्षेत एका मुलाची दौत सांडली तर त्या एकाचेच नुकसान होते. इथे एका बिघाडाने अख्खी खोली हात चोळत बसते, हा पहिला धडा.

दुसरा धडा घंटेचा. लाखो उमेदवारांना एकाच वेळी पुरतील इतके संगणक कुठून आणायचे? म्हणून परीक्षा पाळ्यांत घ्यावी लागते. सकाळची पाळी, दुपारची पाळी, उद्याची पाळी. पाळ्या वेगळ्या म्हणजे प्रश्नपत्रिका वेगळ्या. एखादी सोपी पडते, एखादी अवघड. आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होऊ लागली, तेव्हा निकालात नुसत्या गुणांऐवजी पर्सेंटाइल आले. त्याचा अर्थ सोपा आहे. तुझ्या पाळीतल्या शंभरांपैकी किती जण तुझ्या बरोबरीला किंवा तुझ्या मागे आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. गावोगावच्या पालकांचा इथे गोंधळ होतो, आणि तो शिक्षकांनीच दूर करायला हवा. एकाच घंटेची जुनी समता गेली, तिच्या जागी हिशेबाची समता आली. हिशेब योग्य असेलही, पण तो लोकांना समजावून सांगितला नाही तर मनात किंतु राहतो.

आता मोहरेचे पाहू. पूर्वी प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे गाडीने केंद्रावर जात. वाटेत पाकीट फुटण्याची भीती असे. म्हणून मुंबईसारख्या विद्यापीठांनी प्रश्नपत्रिका संगणकावरून थेट कॉलेजांना पाठवण्याची पद्धत घेतली. परीक्षेच्या थोडा वेळ आधी ती उघडायची, तिथेच छापायची आणि वाटायची. लाखेच्या जागी परवलीचा शब्द आला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण एक फरक विसरू नये. लाखेची मोहर कोणी फोडली तर ती फुटलेली दिसते. परवलीचा शब्द चोरीला गेला तर काहीच दिसत नाही. पाकीट जसेच्या तसे बंद! म्हणून कोणी, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता ते उघडले, याची नोंद आपोआप राहिली पाहिजे, आणि ती नोंद कोणीतरी रोज वाचलीही पाहिजे. न वाचलेली नोंद आणि न ठेवलेली नोंद यांत फरक नाही.

आणि आता त्या सतरा लाख उत्तरपत्रिकांची हकीकत. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. मुलाने कागदावरच लिहायचे, मग त्या कागदांची यंत्राने छबी घ्यायची, आणि परीक्षकाने आपल्या कॉलेजात बसून ती संगणकावर वाचून गुण द्यायचे. गठ्ठे वाहायला नकोत, बेरजेची चूक नको, नाव कळायला नको. सुंग राजांच्या लेखनिकांचे काम जणू यंत्रानेच पत्करले!

पण तयारीला वेळ फार थोडा मिळाला. लाखो उत्तरपत्रिकांची पाने सोडवून, छबी घेऊन, पुन्हा जुळवायची होती. हजारो प्राध्यापकांना नव्या पद्धतीची सवय व्हायची होती. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लागावा. तो काळ उलटला. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. एकूण ४७७ परीक्षांचे निकाल पुरे व्हायला सप्टेंबर उजाडला. तोवर कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश अडले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

उत्तरपत्रिका आणि तिची पुरवणी यांची जुळणी हा त्या वेळचा एक कळीचा प्रश्न होता. हा प्रश्न आपल्या दूध संकलन केंद्रावरच्या माणसाला चटकन कळेल. फॅट मोजणारे यंत्र अगदी बिनचूक आहे. पण नमुन्याच्या बाटलीवर सभासदाचा नंबर चुकला, तर काय होईल? यंत्र खरे बोलेल आणि तरी पैसे भलत्याच्या खात्यात जातील. दोष यंत्राचा नाही आणि म्हशीचाही नाही. उत्तरपत्रिकेवरचा बारकोड म्हणजे तोच बाटलीवरचा नंबर. पुरवणी सुटी झाली आणि तिचा नंबर जुळला नाही, तर मुलाने लिहिलेली चार पाने कुणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत.

त्यानंतर तीन वर्षांनी सगळ्या जगावर करोनाचे संकट आले. मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत, यावर वाद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी परीक्षा घ्याव्यात असे कळवले, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षेवाचून शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढे ढकलता येणार नाही. मग त्या शरद ऋतूत महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी बहुतांशी घरबसल्या, संगणकावर किंवा मोबाइलवर, पर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या.

ही परीक्षा सर्वांना सारखी होती का? प्रश्न सारखे होते, पण सिग्नल सारखा नव्हता. कुणी घरात पंख्याखाली बसून पेपर दिला, तर कुणाला मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसावे लागले. शिवाय पर्यवेक्षक नसलेल्या खोलीत कोण कुणाला विचारून लिहीत आहे, हे कोण पाहणार? संकटकाळी तो मार्ग घ्यावा लागला, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्यातून एवढे मात्र कळले की, परीक्षेचे दालन ही नुसती चार भिंतींची जागा नाही. गरिबाला आणि श्रीमंताला तीन तास सारखे बाक, सारखा उजेड आणि सारखी शांतता देणारी ती एक सोय आहे.

मग संगणकावरची परीक्षा नीट होऊच शकत नाही काय? होऊ शकते, आणि तसा दाखला उत्तर युरोपातल्या फिनलंडचा आहे. तिथली मॅट्रिक परीक्षा १८५२ साली हेलसिंकी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा म्हणून सुरू झाली, म्हणजे आपल्या मॅट्रिकहून सात वर्षांनी थोरली. ही परीक्षा त्यांनी पूर्णपणे संगणकावर नेली, पण कशी? एकदम नव्हे. २०१६ च्या शरद ऋतूत जर्मन भाषा, भूगोल आणि तत्त्वज्ञान हे विषय आधी घेतले. मग हंगामागून हंगाम एकेक विषय वाढवीत नेला. सर्वांत अवघड गणित; ते शेवटी, २०१९ च्या वसंतात आणले. असे सहा हंगाम लागले.

त्यांची व्यवस्था समजण्यासारखी आहे. मुले आपला संगणक घेऊन येतात, पण हा बदल झाला तेव्हा तो एका छोट्या यूएसबी काडीवरून सुरू करायचा असे. त्यामुळे त्या संगणकात आधी साठवलेले काही उघडतच नसे. परीक्षा चालू असताना बाहेरच्या इंटरनेटवर भिस्त नसते. शाळेतच एक मुख्य संगणक ठेवलेला असतो आणि उत्तरे तिथे जमा होत राहतात. एखाद्या मुलाचा संगणक बंद पडला, तर दुसरा घेऊन तो पुढे लिहितो. मुख्य संगणकाला जोडीदारही तयार असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हीच व्यवस्था शाळांना वर्षभराच्या चाचण्यांसाठी फुकट दिलेली आहे. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी मुलाला काय किंवा शिक्षकाला काय, नवे असे काही नसतेच. शिवाय मुले तिथे निबंधही लिहितात; नुसत्या खुणा करून मोकळी होत नाहीत.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे एका हंगामात सगळे, दुसरीकडे सहा हंगामांत एकेक. फिनलंड लहान देश आहे, आपली गर्दी त्यांच्याकडे नाही, हे खरे. पण गर्दी मोठी असेल तर रंगीत तालीम अधिक करावी लागते, कमी नव्हे. गावच्या यात्रेचा बंदोबस्त यात्रेच्या सकाळी ठरवून चालत नाही, हे आपल्या ग्रामपंचायतीला ठाऊक असते.

राहिला चौथा बंदोबस्त, विचारण्याच्या हक्काचा. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली येते आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. रानड्यांच्या मुंबईत मुलाला ही सोय नव्हती. आपल्या पेपराचे काय झाले हे त्याने नशिबावरच सोडायचे. आज तसे नाही. आणि इथे यंत्र खरोखर उपकारक आहे. कागदाच्या गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका शोधून काढणे अवघड. साठवलेल्या छबीची प्रत काढणे सोपे. मात्र मुदतीत अर्ज करावा लागतो, आणि ती मुदत पुष्कळदा मुलांना ठाऊक नसते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना चार गोष्टी सांगतो. ज्या परीक्षेला संगणकावर बसायचे आहे, तिची सराव चाचणी मुलाला निदान दोनदा यंत्रावर देऊ द्या. माउस प्रथमच हातात घेणाऱ्या मुलाची अर्धी हुशारी त्या माउसमध्येच खर्च होते. पुरवणी जोडल्यावर तिचा नंबर आणि मुख्य उत्तरपत्रिकेचा नंबर स्वतः ताडून पाहण्याची सवय लावा. संगणक अडला, वीज गेली, तर उठून जाऊ नये. पर्यवेक्षकाला सांगून वेळेची लेखी नोंद करून घ्यावी. आणि निकालाच्या दिवशी प्रत मागण्याची शेवटची तारीख शाळाकॉलेजच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

लाखेची मोहर आता संग्रहालयात गेली तरी चालेल, उत्तरपत्रिकाही उद्या कागदाची उरणार नाही. पण मोहरेमागची दक्षता, नंबरामागची निःपक्षपातता, घंटेमागची समता आणि विचारण्याचा हक्क या चार गोष्टी यंत्र स्वतःहून देत नाही. त्या माणसांनी आधीपासून राबून त्यात घालाव्या लागतात. त्या घातल्या, तर सोयाबीन विकून शिकवलेल्या त्या मुलीचे वर्ष पडद्यावरसुद्धा तितकेच सुखरूप राहील.